गाडीचं ॲव्हरेज आणि पेट्रोल नेमकं कुठं भरायचं

सावंतवाडीचे आमचे दाजी पेट्रोल भरायला गोव्यात जातात. पत्रादेवीचा नाका ओलांडला की लिटरमागे सात-आठ रुपये कमी लागतात, मग इथं कशाला भरायचं असं त्यांचं म्हणणं, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच पटतं. मागच्या दिवाळीत त्यांच्याकडं गेलो होतो तेव्हा चहा पिता पिता सहज मोबाईलवर हिशोब मांडून दाखवला तर निघालं असं की वाचत काहीच नाही, उलट दोन-पाच इकडं-तिकडं खिशातलेच जातात. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, मग तिकडं जाता कशाला? दाजींनी पटकन फराळाचा विषय काढला. असो.

तो हिशोब खाली देतोच, पण त्याआधी बाकीचं पण सांगतो कारण पेट्रोलच्या बाबतीत आपण सगळे चुकीच्या जागी पैसे वाचवायला बघतो. माझी गाडी २०१९ ची वॅगनआर, १.२ पेट्रोल, मी कोल्हापुरात असतो, महिन्यातून एकदा-दोनदा पुणं आणि मधनंच कोकण. गाडी घेतल्यापासून वही ठेवलीय. बायको हसते पण वही आहे.

आधी मोजायला शिका

कुणालाही विचारा गाडी ॲव्हरेज किती देते, लगेच उत्तर येतं, अठरा देते, वीस देते. कसं काढलं विचारलं की गप्प. बहुतेक जण मीटरवरच्या स्क्रीनवर जो आकडा दिसतो तोच सांगतात, आणि तो आकडा गाडी स्वतःच अंदाजाने काढते, माझ्या गाडीत तो खऱ्यापेक्षा एक-दीड किलोमीटर जास्तच दाखवतो. गाडी पण आपलीच, ती आपली खोटी स्तुती करणारच.

खरं काढायची पद्धत एकच, टाकी फुल ते टाकी फुल. पंपावर नोझल स्वतःहून टक करून बंद होतं ना, पहिला ऑटो कट, तिथं थांबायचं, ट्रिप मीटर झिरो करायचं. मग तीनशे-चारशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवायची आणि शक्यतो त्याच पंपावर त्याच मशीनवर येऊन परत पहिल्या कटपर्यंत भरायचं. किती किलोमीटर झाले त्याला किती लिटर बसलं त्यानं भागायचं. माझ्या वहीतली एक नोंद सांगतो, ४१२ किमी, २६.३ लिटर, म्हणजे १५.७. त्या दिवशी स्क्रीन सांगत होती १७.१.

एका वेळेवर विश्वास ठेवू नका, कारण कट कधी लिटरभर आधी होतो कधी नंतर, गाडी उतारावर उभी असेल तरी फरक पडतो. तीन-चार टाक्यांची सरासरी काढा मग काहीतरी बोलता येतं. आणि एक, कटनंतर पंपवाला "राऊंड फिगर करू का साहेब" म्हणत अजून थोडं थोडं कोंबतो ते करू देऊ नका. टाकीत वर थोडी जागा वाफेसाठी मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, तिथून वाफ एका कॅनिस्टरमध्ये, म्हणजे वाफ शोषणाऱ्या डब्यात, जाते, त्यात पातळ पेट्रोल गेलं तर तो खराब होतो आणि त्याचा खर्च राऊंड फिगरच्या चारपाच रुपयांपेक्षा बराच जास्त असतो.

कंपनीच्या जाहिरातीत ॲव्हरेज दिलेलं असतं त्यावर भांडू नका. आपल्या पुण्यातल्या एआरएआय सारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या पॅटर्नने पळवतात, वेग ९० च्या वर जात नाही, खड्डा नाही, म्हैस नाही, एसी बंद. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा कामाचा, तुमच्या दसरा चौकातल्या सिग्नलला तो लागू नाही.

भाव कुठं कमी

आता मुद्द्याचं. गावातल्या गावात स्वस्त पंप शोधण्यात अर्थ नाही. इंडियन ऑइल, भारत, एचपी या तिन्ही सरकारी कंपन्यांचा भाव एका शहरात जवळजवळ सारखाच असतो, फरक पडलाच तर पैशात. १६ जून २०१७ पासून देशभर भाव रोज सकाळी सहाला बदलू शकतो अशी पद्धत आली, पण मार्च २०२४ ला दोन रुपये कमी झाले आणि त्यानंतर बराच काळ आकडा हललाच नाही, त्यामुळे "उद्या वाढणार आहे आजच भरून घे" हे व्हॉट्सअपवर येतं त्याकडं लक्ष देऊ नका. खाजगी पंपांचे भाव मात्र त्यांचे त्यांचे असतात, तिथं बोर्ड बघूनच आत वळायचं.

मग फरक कशाने पडतो तर दोन गोष्टींनी. एक म्हणजे डेपोपासूनचं अंतर. परभणीचं पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग म्हणून दर वेळी बातमी येते ना, त्याचं कारण तिथला पंपवाला लुटतो असं नाही, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर तिथपर्यंत यायचं भाडं त्यात धरलेलं असतं. दुसरी आणि मोठी गोष्ट म्हणजे राज्याचा टॅक्स. पेट्रोल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्य आपला व्हॅट लावतं. आपल्याकडं टक्केवारी तर आहेच पण वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे वेगळे आहेत. पूर्वी मुंबई, ठाणे, नवी मुंबईत टक्केवारी जास्त होती ती १ जुलै २०२४ पासून बाकीच्या राज्याएवढी म्हणजे २५ टक्के झाली.

म्हणून खरा फरक राज्याच्या बॉर्डरवर दिसतो. तलासरीवाले गुजरातमध्ये जातात, नवापूरवाले जातात (तिथलं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये आहे, त्यांना काय अवघड), बांदा-सावंतवाडीवाले गोव्यात. आम्ही कोल्हापूरवाले कागल ओलांडून कर्नाटकातल्या कोगनोळीला जायचो. पण जून २०२४ मध्ये कर्नाटकाने टॅक्स वाढवून पेट्रोल तीन रुपयांनी महाग केलं आणि आमची मजा संपली, आता फरक रुपया-दीड रुपयाचा उरलाय, तरी काही जण सवयीने जातात.

आता हिशोब. पेट्रोल १०४ रुपये धरा, गाडी १६ देते धरा, म्हणजे एका किलोमीटरला साडेसहा रुपयांचं पेट्रोल जळतं. हा आकडा प्रत्येकाने आपल्या गाडीचा काढून पाठ करून ठेवा, भाव भागिले ॲव्हरेज, बास. टायर, ऑइल, झीज हे अजून धरलंच नाही.

दाजी एका वेळी २५ लिटर भरतात. लिटरला आठ रुपये वाचले म्हणजे २०० रुपये. दोनशेला साडेसहाने भागलं की तीस-एकतीस किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन तीस किलोमीटरच्या आत पंप असेल तर फायदा, बाहेर असेल तर तोटा. सावंतवाडीतून पत्रादेवी जाऊन-येऊन तीसच्या वरच होतं. झालं, संपलं. तास गेला तो वेगळा. तेच बांद्यात राहणाऱ्या माणसाला परवडतं, त्याला एकीकडचं चार-पाच किलोमीटर आहे, त्याचे प्रत्येक वेळी सव्वाशे-दीडशे वाचतात. कोगनोळीचं गणित तर करूच नका, २५ लिटरला पस्तीस-चाळीस रुपये वाचतात आणि जाण्यायेण्यात तीनशेचं जळतं.

पण तुम्ही असंही त्या बाजूला निघालाच असाल तर मात्र डोकं वापरा. कोकणातून गोव्याला जाताना टाकी महाराष्ट्रात फुल करू नका, बॉर्डरपर्यंत पुरेल एवढं ठेवा आणि परत येताना गोव्यातला शेवटचा पंप सोडू नका. मुंबईहून सुरतेकडं जाणाऱ्यांचं तेच. आणि कॅन भरून आणायचा शहाणपणा करू नका प्लीज, पेट्रोलचा प्लास्टिक कॅन उन्हात डिकीत ठेवून घाट उतरणारे लोक मी बघितलेत, त्यांच्या मागे गाडी चालवायची पण भीती वाटते.

पंप कसा निवडायचा

भाव सारखा असेल तर निवडायचं कशावर, तर माप आणि माल. माप म्हणजे पैसे देऊन तेवढं पेट्रोल मिळतंय का, माल म्हणजे त्यात पाणी, रॉकेल, कचरा नाही ना.

मी बघतो ते असं. गर्दीचा पंप बरा, कारण तिथला माल रोज संपतो, जमिनीखालच्या टाकीत पडून राहत नाही. टॅक्सीवाले आणि ट्रॅव्हल्सवाले कुठं भरतात ते बघा, त्यांचं पोट त्यावर आहे, ते दोन किलोमीटर जास्त जातील पण फसवणाऱ्याकडं परत जाणार नाहीत. कंपनी स्वतः चालवते ते पंप असतात, कोको म्हणतात, तिथं मालकाला दोन पैसे मारण्यात रस नसतो म्हणून अनोळखी गावात मी आधी तोच शोधतो. आणि टँकर खाली होत असेल तर मी सरळ पुढं जातो, तळाचा गाळ वर येतो म्हणतात, पंपांना फिल्टर असतात त्यामुळे फार घाबरायचं नाही पण दुसरा पंप समोर दिसत असेल तर थांबायचं तरी कशाला.

पावसाळ्यात अजून एक. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाणी आवडतं, टाकीत पाणी शिरलं की ते पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि खाली बसतं, आणि पंप तर खालनंच उपसतो. आम्ही २०१९ आणि २०२१ दोन्ही महापूर बघितले, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, त्यानंतर बुडालेल्या भागातल्या पंपावर मी महिनाभर गेलो नाही. पंपवाले रोज दांडी घालून साठा मोजतात, त्या दांडीला पाणी ओळखायची पेस्ट लावतात, पाणी लागलं की रंग बदलतो. शंका असेल तर विचारा, बघू द्या म्हणावं.

तुमचे हक्क पण माहीत असू द्या. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप असतं, ग्राहकाने मागितलं की भरून दाखवायला लागतं. पाच लिटरला २५ मिली इकडंतिकडं चालतं, त्याहून कमी आलं तर मशीन चुकीचं. फिल्टर पेपर मागू शकता, नोझलचं तोंड पुसून त्यावर एक थेंब टाकायचा, दोन-तीन मिनिटांत उडून जाऊन डाग राहिला नाही तर ठीक, तेलकट गडद डाग राहिला तर रॉकेल-डिझेलचा संशय. पेट्रोलच्या स्वतःच्या रंगाची फिकट छटा राहते तिला घाबरू नका. अर्थात ही टेस्ट काही ब्रह्मवाक्य नाही, हलकं सॉल्व्हंट मिसळलेलं असेल तर ते पण उडून जातं आणि पेपर कोराच दिसतो.

मग डेन्सिटी बघायची, म्हणजे घनता, एका घनमीटरला किती किलो. टँकरबरोबर आलेल्या चलनावर डेन्सिटी लिहिलेली असते आणि पंपावर रोज सकाळी मोजून नोंदवतात. १५ डिग्रीला आणून दोन्हींत ३ पेक्षा जास्त फरक नको. पेट्रोलची ७२० ते ७७५ च्या मधे कुठंही असू शकते त्यामुळे शेजारच्या पंपाची ७४५ आणि याची ७३८ म्हणून हा भेसळवाला असं होत नाही, त्याची त्याच्याच चलनाशी तुलना करायची. खरं सांगतो मी स्वतः हे आयुष्यात दोनदाच मागितलंय. पण दोन्ही वेळा मॅनेजर धावत आला आणि त्यानंतर तिथला पोरगा मला ओळखतो.

आता फसवणुकीचं. मशीनमध्ये चिप बसवून माप मारायचे प्रकार खरंच झालेत, २०१७ मध्ये आधी उत्तर प्रदेशात पोलिसांच्या विशेष पथकाने, एसटीएफने, पकडले आणि मग त्याच धाग्यावरनं ठाणे पोलिसांनी आपल्याकडं धाडी टाकल्या. पण तुमच्या-माझ्या नशिबी येतो तो जास्त करून साधा हातचलाखीचा प्रकार. माझ्याबरोबर झालेला सांगतो, हायवेवरचा पंप, नाव गाव सोडा. मी म्हटलं हजारचं मारा. त्याने दोनशेवर थांबवलं, म्हणाला अरे मला दोनशे ऐकू आलं साहेब, थांबा उरलेले आठशे मारतो. दुसरा पोरगा खिडकीशी आला, काच पुसू का, ऑइल बघू का, कार्ड की यूपीआय. मी त्याच्याशी बोलेपर्यंत पहिल्याने मशीन झिरो न करता तिथूनच पुढं चालू केलं आणि आठशेवर बंद केलं. दोनशे आणि आठशे हजार, मी दिले. मिळालं एकूण आठशेचं. घरी येऊन वहीत लिहिताना लिटर जुळेनात तेव्हा ट्यूब पेटली.

तेव्हापासून मी गाडीतून उतरतो. उतरायचंच. टाकीचं झाकण ज्या बाजूला आहे तिथं उभं राहायचं, दादा झिरो दाखवा म्हणायचं, भाव पण बघायचा की साधं पेट्रोल आहे का प्रीमियमचं नोझल घातलंय, आणि मधे थांबवलं तर परत झिरोवरनं सुरू करायला लावायचं, वेगळी पावती घ्यायची. फोन खिशात. पावती मागितली की निम्मे प्रकार आपोआप बंद होतात.

एकदा मात्र मीच तोंडावर पडलो ते पण सांगतो. माझ्या गाडीची टाकी ३२ लिटरची आणि एका पंपावर मशीनने ३३ च्या वर दाखवलं. मी आवाज चढवला, पाच लोक जमले, मॅनेजरने शांतपणे पाच लिटरचं माप आणून भरून दाखवलं, बरोबर रेघेवर. नंतर कळलं की पुस्तकात लिहिलेली क्षमता ही फक्त ठरलेल्या लेव्हलपर्यंतची असते, त्यावर ती वाफेची जागा आणि नळीचा गळा असतो, गळ्यापर्यंत भरलं की जास्त बसतं. तेव्हा "३५ च्या टाकीत ३८ लिटर, बघा कसे लुटतात" असले व्हिडिओ येतात त्यावरनं लगेच पंपवाल्याची कॉलर धरू नका, माप मागा.

लोक सांगतात आणि आपण ऐकतो

पहाटे भरलं की पेट्रोल थंड म्हणून घट्ट, जास्त मिळतं. पेट्रोल तापमानाने फुगतं हे खरं, एका डिग्रीला साधारण हजारात एक भाग. पण टाकी जमिनीखाली असते, तिथं सकाळ-दुपार फारसा फरकच नसतो. समजा दोन डिग्रीचा पडला तरी २५ लिटरमागे ५० मिली, पाच रुपये. झोपा निवांत.

शंभरऐवजी एकशे दहाचं मारा, पाचशेऐवजी पाचशे पंचवीसचं. का तर मशीनमध्ये राऊंड आकड्यांना सेटिंग केलेलं असतं म्हणे. ज्याला सेटिंग करायचंय तो सगळ्याच आकड्यांना करेल की, आणि आता निम्मं गाव एकशे दहाचंच मारतं.

अर्धी टाकी ठेवली की गाडी हलकी राहते. २५ लिटर पेट्रोल म्हणजे साडेअठरा किलो, अर्धं कमी केलं तर नऊ किलो. त्यापेक्षा डिकीतला जुना स्पीकर काढा. आणि टाकी अगदी रिझर्व्हवर पळवत राहू नका, पेट्रोलचा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, तोच त्याचा कूलंट.

प्रीमियम पेट्रोल. एक्सपी९५, पॉवर९५, स्पीड वगैरे, सात-आठ रुपये जास्त. ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त असा समज आहे पण ऑक्टेन म्हणजे पेट्रोल दाबाखाली अवेळी पेट घेत नाही एवढंच. ज्या इंजिनला गरज आहे त्याला उपयोग, म्हणजे काही टर्बोवाल्या गाड्या, मॅन्युअलमध्ये किंवा झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. माझ्या वॅगनआरला मी तीन टाक्या घालून बघितल्या, वहीत फरक शून्य. मनाला बरं वाटतं तेवढंच.

आणि इथेनॉल. ॲव्हरेज कमी झालं म्हणून सगळे ओरडतायत ते अगदीच खोटं नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे पेट्रोलमधलं इथेनॉल दहा टक्क्यांवरनं वीस टक्क्यांवर गेल्यावर कागदावरच तीन-साडेतीन टक्के फटका बसतो. सरकारनं पण काही गाड्यांना एक-दोन टक्के आणि बाकीच्यांना तीन ते सहा टक्के म्हणून सांगितलंय. म्हणजे १६ देणारी गाडी साडेपंधरा देईल. पण कुणी म्हणालं माझी १८ ची १२ झाली आणि सगळा दोष इथेनॉलचा, तर त्याची गाडी तपासायला झालीय. आमच्या जिल्ह्यात बसून इथेनॉलला शिव्या घालणं अवघडच, आमचाच ऊस आमच्याच टाकीत येतोय. मात्र जुनी गाडी असेल, एप्रिल २०२३ च्या आधीची, तर सर्व्हिसिंगला रबरी पाइप आणि सील बघायला सांगत जा, आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवणार असाल तर टाकीतलं पेट्रोल शिळं होऊ देऊ नका.

खरं पेट्रोल पायाखाली वाचतं

दाजींचे दोनशे रुपये एक बाजूला आणि हे एक बाजूला. माझीच गाडी, माझाच पंप, गावातल्या गावात १३ देते आणि ८० च्या स्पीडने पुण्याला गेलो की १९. दोन्ही वहीत आहे. याच्यापुढं कुठला पंप हा प्रश्नच लहान वाटतो.

सगळ्यात वाईट काय तर थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्या. सकाळी दूध, मग पोराची शाळा, मग घरी, मग भाजी. इंजिन गरम व्हायच्या आत बंद. अशा दोन किलोमीटरला गाडी एरवीच्या जवळपास दुप्पट पिते. कामं एका फेरीत गुंफा, किंवा सरळ स्कूटर काढा. आणि सकाळी गाडी चालू करून पाच मिनिटं "गरम करत" ठेवायची पद्धत कार्ब्युरेटरच्या जमान्यातली, आता अर्ध्या मिनिटात निघायचं आणि पहिले दोन किलोमीटर हळू चालवायचं.

सिग्नलला. उभी गाडी तासाला अर्धा ते एक लिटर पिते, एसी चालू असेल तर वरच्या बाजूला. अर्ध्या मिनिटाच्या वर थांबायचं असेल तर बंद करा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे लांबून लाल दिसला की पाय उचला. लोक लाल सिग्नलकडं रेस करत जातात आणि ब्रेक दाबतात, जे पेट्रोल जाळून वेग घेतला तो ब्रेकच्या पॅडमध्ये घालवला. पुढची चार वाहनं बघत चालवायची सवय लावली की गावातलं ॲव्हरेज किलोमीटरभर तरी वाढतं, माझं वाढलं. गिअर लवकर टाका पण गाडी धडधडेपर्यंत ओढू नका, आणि क्लचवर पाय ठेवून चालवत असाल तर पेट्रोलचं राहू द्या, क्लचप्लेटचं बघा.

हायवेला वेग. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरनं १२० ला गेलात म्हणजे वेग दीडपट पण हवेचा धक्का सव्वादोनपट. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे म्हणून १२० ने गेलेले मित्र ॲव्हरेजच्या नावाने रडत येतात. वर कॅरिअर लावलेला असेल तर अजून. गावात काचा उघड्या चालतात, ७०-८० च्या वर मात्र काचा बंद करून एसी लावलेला बरा.

घाटाचं नीट वाचा. आंबोली असो, फोंडा असो, खंबाटकी असो, उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं हा आपल्याकडचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात धोकादायक गैरसमज. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो, शून्य. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला परत पेट्रोल सोडावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जातं आणि वर इंजिन ब्रेकिंग गेल्यामुळे ब्रेक तापून धरेनासे होतात. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

टायरची हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असेल तेवढी. हवावाल्याला सांगितलं नाही तर तो सगळ्यांना ३५ मारतो. पंपावर हवा फुकट असते, तो खुशीने दहा रुपये मागतो तो भाग वेगळा. नायट्रोजनला पैसे घालू नका, साध्या हवेत ७८ टक्के तोच आहे. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आल्यावर चारी चाकांच्या रिमजवळ हात न्या, एकच चाक जास्त तापलं असेल तर त्याचा ब्रेक चिकटतोय आणि तो गुपचूप पेट्रोल खातोय. माझं एकदा असंच निघालं, मागचं डावं, हॅन्डब्रेकची केबल. दुरुस्त केल्यावर पुढच्या टाकीला सव्वा किलोमीटर वाढलं. एअर फिल्टर साफ केल्याने मात्र आताच्या गाड्यांत पिकअप सुधारतो, ॲव्हरेजमध्ये फारसं काही होत नाही. इंजिन ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच, मेकॅनिक "जाड घाला, चांगलं असतं" म्हणाला तरी.

पैसे देताना क्रेडिट कार्डवर एक टक्का सरचार्ज लागतो, बरीच कार्डं तो ठराविक रकमेच्या मध्ये परत करतात पण त्यावरचा जीएसटी नाही, स्टेटमेंट एकदा उघडून बघा. यूपीआयला असलं काही नाही. आणि पेट्रोलमध्ये खरंच गडबड वाटली तर तिथंच तक्रार वही मागा, कंपनीच्या सेल्स ऑफिसरचा नंबर बोर्डवर लिहिलेला असायला पाहिजे, त्याला फोन लावा, नाहीतर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पावती मात्र हवी, पावतीशिवाय कुणी उभं करत नाही.

एक राहिलंच. पेट्रोलच्या गाडीत चुकून डिझेल मारलं असं झालं तर चावी फिरवू नका. काहीच करू नका, न्यूट्रल करून ढकलत बाजूला घ्या आणि टाकी काढून साफ करून घ्या, हजार-दोन हजारात भागतं. चालू करून "बघू घरापर्यंत जाते का" केलं की पंप, इंजेक्टर सगळं धुवायला लागतं. आमच्या दाजींनी एकदा केलंय. गोव्यातल्याच पंपावर.